अर्धा ठोका मागे

३ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. तू बरा असशील, वहिनी बरी असेल. चिमुरडी आता शाळेत जाते आणि तुझ्याच बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसते, असं मावशीकडून कळलं. इकडे आई ठीक आहे. गुडघा दुखतो म्हणते, पण तो तू घरात होतास तेव्हाही दुखायचाच. मीही ठीक आहे. वर्कशॉप चालू आहे, पत्रे वाकवते, पत्रे ठोकते, संध्याकाळी ड्रम ठोकते. दिवसभर ठोकाठोकीच.

दोन वर्षांनी हिचं पत्र आलं म्हणजे हिला काहीतरी हवं असणार, असं तुझ्या मनात आलंच असेल. खरं आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला ती कॅसेट हवी आहे. बर्फाच्या कारखान्यातली.

का ते सांगते, पण आधी बातमी. आपल्या बँडची, 'घण'ची, पहिली रेकॉर्ड निघते आहे. गंमत नाही, खरंच. एका छोट्या कंपनीचा माणूस आम्हाला ऐकायला आला, शेवटपर्यंत बसला, आणि जाताना म्हणाला, "हे असंच्या असं टेपवर उतरवता येईल का?" घोगऱ्याने लगेच होकार दिला. तो अजून स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करतो, त्यामुळे प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची सवय आहे. येत्या सोमवारपासून सहा दिवस मिळालेत. स्टुडिओ म्हणजे टायर दुरुस्तीच्या कारखान्यावरचा माळा. भिंतींना जुन्या गाद्या, नाटकाचे टाकून दिलेले पडदे. रेकॉर्डिंग करणारे काका तीस वर्षं रेडिओवर होते. सात गाणी घ्यायची आहेत. त्यातल्या चारांच्या चाली तुझ्या आहेत, हे मला माहीत आहे. तू लिहायच्या आधी मीच लिहिते.

परवा त्या बाजूला गेले होते. बर्फाचा कारखाना पाडला. आपली खोली होती तिथे आता नुसतं मैदान आहे. बाबांच्या मित्राने ती बंद खोली आपल्याला उघडून दिली होती, तेव्हा भिंतींना चार बोटं जाड बुचाचं अस्तर होतं आणि आत कितीही आदळआपट केली तरी बाहेर चिमणीसुद्धा उडायची नाही. तुझी गिटार तीन गिटारींच्या भागांची, माझे ड्रम म्हणजे दोन खरे आणि बाकी तेलाचे डबे. घोगरा बादलीत तोंड घालून गायचा, कारण माइक नव्हता. आणि मास्तर! शाळेतून गणिताच्या वह्या घेऊन यायचे, बेस गिटार गळ्यात अडकवून दोन गाण्यांच्या मध्ये वह्या तपासायचे. 'घण' हे नाव तूच ठेवलंस. मी म्हटलं होतं, लोक हसतील. तू म्हणालास, "हसू देत, विसरणार तर नाहीत ना."

असो. मुद्द्यावर येते.

तुझ्या जागी जो आला आहे तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. आम्ही त्याला चष्मेवालाच म्हणतो. दीड वर्ष झालं. बोटं चांगली आहेत, नाही म्हणणार नाही. पण माणूस सरळ नाही. तोंडावर गोड, आणि मागे कुठेतरी पाणी मुरतंय. मी खोलीत शिरले की त्याचं नि मास्तरांचं बोलणं थांबतं. विचारलं तर म्हणतात, "काही नाही, चहाचं बोलत होतो." चहाचं बोलायला एवढं कानाशी लागावं लागतं? वाजवताना हा माझ्याकडे टक लावून बघतो आणि गाण्याचा भाग बदलायचा झाला की मान हलवतो, जणू मी त्याची नोकर आणि हा मला हुकूम सोडतोय. त्याने आपला स्पीकरही हळूहळू सरकवत माझ्या तोंडासमोर आणून ठेवला. मी दोनदा परत लोटला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे तो 'सातवा मजला' हे गाणंच बदलतोय. ते मधलं ठिकाण तुला माहीत आहे. सगळे थांबतात, गिटार एकटीच हळू आवाजात तीच ओळ चार वेळा फिरवते आणि मग सगळे एकदम कोसळतात. हा चार वेळा फिरवतच नाही. साडेतीन वेळाच फिरवतो आणि उडी मारतो. मग सगळे पुढे आणि मी मागे. दोष कुणाला? ड्रमवालीला. मी सांगितलं, तू चाल बदलली आहेस. तो म्हणाला, "नाही ताई, चारच आहेत." मास्तर म्हणाले, "चारच आहेत." घोगरा वर बघत बसला. तिघं एक झालेत. मला काढायचा घाट आहे, रेकॉर्डच्या तोंडावर. मी काही दूधखुळी नाही.

म्हणून कॅसेट हवी. तुझ्या बोटांनी वाजवलेली ती ओळ सगळ्यांसमोर लावायची आणि म्हणायचं, मोजा. हातच्या काकणाला आरसा कशाला?

तू म्हणशील, माझ्या वेळी मला बाहेर काढलंत, आता माझाच पुरावा मागतेस. ते प्रकरण वेगळं होतं. त्या हॉटेलात वाजवणाऱ्या बँडशी तुझी बोलणी चालली होती, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ते मी तेव्हा घोगऱ्याला आणि मास्तरांना सांगितलं आणि आजही तेच सांगेन. त्यावर आता चर्चा नको.

कॅसेट सोमवारच्या आत मिळाली तर बरं.

वहिनीला नमस्कार, चिमुरडीला पापा.

तुझी बहीण,
(कागदोपत्री तरी)

*

११ मार्च, बुधवार, संध्याकाळ

दादा,

कॅसेट काल मिळाली. पाकीट उलटं करून दोनदा झटकलं. आत चिठ्ठी नाही, "पाठवली आहे" एवढे दोन शब्दही नाहीत. त्याचा अर्थ काय लावायचा ते मी ठरवते आहे.

आज स्टुडिओत जे झालं ते मी तुला जसंच्या तसं सांगते. कुणाच्या बाजूने काही घालत नाही, काढत नाही.

पहिले दोन दिवस बरे गेले असं म्हणायला हवं, पण बरे गेले नाहीत. तिथे प्रत्येकाला वेगळं बसवतात. मी गाद्यांच्या खोलीत, चष्मेवाला काचेपलीकडे, मास्तर पडद्यामागे. एकमेकांचा आवाज हेडफोनमधून येतो. मला गिटार येईना. मी काकांना म्हटलं, गिटार वाढवा. त्यांनी वाढवली. मी म्हटलं, आणखी वाढवा. असं पाच-सहा वेळा झालं. मग काका आत आले आणि म्हणाले, "बाई, बटण शेवटापर्यंत गेलंय. तुमच्या हेडफोनमधली गिटार आता तुमच्या ड्रमच्या माइकमध्ये शिरतेय." मी म्हटलं, मला तर येत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं रेडिओवर काढलेला माणूस आहे, त्याला न बोलता खोटं बोलता येत असणार. मला वाटलं, यालाही फितवलाय.

आज सकाळी 'सातवा मजला' घेतला. सात वेळा घेतला. सातही वेळा त्या जागी गाडी घसरली. सातव्या वेळी मी काठ्या खाली ठेवल्या, बाहेर आले आणि तुझी कॅसेट पिशवीतून काढून टेबलावर आपटली.

"ही लावा," मी म्हटलं. "आणि मोजा. सगळ्यांनी मोजा."

चष्मेवाला काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस. घोगरा म्हणाला, "पत्रेवाले, शांत हो." मास्तर खुर्ची ओढून बसले आणि हाताची बोटं पुढे धरली, पहिलीच्या पोरांना शिकवतात तशी.

काकांनी तुझी कॅसेट लावली. खरखर फार आहे. पण ती खोली त्यात आहे, दादा. गार भिंती ऐकू येतात. आणि मग ती जागा आली. गिटार एकटी. मास्तरांचं एक बोट, दोन, तीन, चार. आणि आपण सगळे एकदम आलो. असे आलो की चौघं नाहीत, एकच माणूस आहे, आणि त्याने एकच घाव घातलाय.

मग काकांनी आमची टेप लावली. मास्तरांचं एक बोट, दोन, तीन, चार. सगळे आले. आणि मग मी आले. उंबरठ्यावर पाय अडखळून कुणी घरात शिरावं तशी.

चार होते, दादा. दोन्हीत चार.

मी म्हटलं, ही कॅसेट हळू चालतेय. काका म्हणाले, "हळू चालली असती तर सूरही उतरला असता. सूर तोच आहे." मी म्हटलं, मग आमची टेप जोरात चालतेय. त्यावर कुणी काही बोललं नाही. मी टेपच्या यंत्राकडे बघत उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. मग वळले, तर चौघंही माझ्याकडे बघत होते, आणि चष्मेवाला माझ्या मागे अगदी हातभर अंतरावर उभा होता.

"काय आहे?" मी म्हटलं.

काकांनी मास्तरांना विचारलं, "किती वेळा?"

मास्तर म्हणाले, "चार वेळा हाक मारली त्याने."

मी माझ्या काठ्या उचलल्या आणि जिना उतरले. खाली कारखान्यात यंत्र चालू होतं, जिना पायाखाली थरथरत होता. तेवढं मला चांगलं कळत होतं.

आता मला एक सांग, आणि खरं सांग. ही कॅसेट तीच आहे का? का तू ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेतलीस आणि ती जागा नीट करून पाठवलीस? तुला येतं तसलं काम. चिठ्ठी का नाही ठेवलीस? तुझं नि मास्तरांचं बोलणं होतं का? त्यांच्या शाळेत फोन आहे, मला माहीत आहे. हाक चार वेळा मारली म्हणतात. मारली कशावरून? चौघांनी ठरवून एकच गोष्ट सांगितली तर ती खरी होते का?

उत्तर नको मला.

उत्तर दे.

— मी

*

२४ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

दुपारची वेळ आहे, आई झोपली आहे. घरात शांतता आहे असं मला वाटतं. आहे की नाही, ते मी आता ठामपणे सांगू शकत नाही. हे वाक्य लिहायला मला तेरा दिवस लागले.

परवाच्या शनिवारी तुझा फोन आला. आईने घेतला आणि रिसीव्हर माझ्याकडे धरला. मी हात हलवून नाही म्हटलं. तुला वाटलं असेल, अजून डोक्यात राग आहे. तसं नव्हतं. फोनवर मला शब्दांचे तुकडेच येतात, बाकीचं मी मनाने जुळवते. किती दिवसांपासून जुळवते आहे ते आठवत नाही. तुझ्याशी पहिलंच बोलणं तसं जुळवून करायचं नव्हतं. आई तुझ्याशी बराच वेळ बोलली. तिचं तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे काय बोलली ते मला माहीत नाही. सवयीने लगेच मनात आलं, माझ्याविरुद्ध सांगत असेल. मग मीच मला म्हटलं, बाई, पुरे.

पहिल्यापासून सांगते.

त्या बुधवारी पत्र पेटीत टाकून घरी आले. आईने विचारलं, काय झालं. मी तिच्यावरही ओरडले की तूही हल्ली पुटपुटतेस, मुद्दाम हळू बोलतेस. ती भाजी निवडत होती. तिने सुरी ठेवली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, "तुझे बाबा शेवटची सहा वर्षं माझ्याशी भांडले. मी शेजारणीशी त्यांच्याबद्दल कुजबुजते म्हणून. मी भाजीबद्दल बोलत असायचे. कामावरच्या बॉयलरने त्यांचे कान नेले होते आणि ते कबूल करायला तयार नव्हते. त्यांना बहिरं म्हणवून घेण्यापेक्षा बायको कपटी असलेली परवडायची." मग म्हणाली, "मला पुन्हा सहा वर्षं नकोत."

गुरुवारी स्टुडिओत गेले नाही. कानाच्या डॉक्टरांकडे गेले. एका काचेच्या पेटीत बसवतात, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तुला सांगायला लाज वाटते, पण मी तिथेही लबाडी केली. काचेत बाहेरून तपासणाऱ्या बाईच्या हाताचं प्रतिबिंब दिसत होतं. तिचा हात हलला की मी बटण दाबायचे. चांगली दहा-बारा वेळा चाललं. मग ती उठली, आत आली आणि माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

भिंतीकडे तोंड केल्यावर काहीच आलं नाही, दादा. मी बोट बटणावर ठेवून वाट बघत बसले. मला वाटलं, यंत्र बंद पडलंय.

कागदावर रेघ काढून देतात. माझी रेघ डावीकडून सरळ येते आणि मग उतारावरून सोडलेल्या गाडीसारखी खाली जाते. जाड, दणदणीत आवाज अजून येतात. बारीक, उंच, हळू आवाज गेले. उजवा कान जास्त गेलाय. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता. म्हटलं, दिवसा पत्रा ठोकते. म्हणाले, संध्याकाळी? म्हटलं, ड्रम. त्यांनी पेन खाली ठेवलं. वडिलांचं विचारलं, तेही सांगितलं. म्हणाले, हे पाच-सहा वर्षांचं आहे, आधी कुणी सांगितलं नाही का?

सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी, गिरणीच्या मैदानावरचा कार्यक्रम झाल्यावर, सामान टेम्पोत चढवताना. "तू अर्धा ठोका मागे पडतेस. रागावू नकोस, पण एकदा कान दाखवून ये." एवढंच म्हणालास तू. इतरांसमोर नाही, एकटीला गाठून. आणि तेही माझ्या समोर उभं राहून, सावकाश, तोंड माझ्याकडे करून. आता कळतं, तू तसा का उभा होतास. तेव्हा मला एकच ऐकू आलं: हा मला काढणार. दुसरा कुणीतरी ड्रमवाला याने बघून ठेवलाय.

आणि चारच दिवसांनी तू मला त्या हॉटेलच्या दारात दिसलास, त्यांच्या ड्रमवाल्याशी बोलताना. मी रस्त्याच्या पलीकडे होते. मध्ये गाड्या. मला तुझे ओठ हलताना दिसले. तो हसला. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. बास. एवढंच. मी एक शब्द ऐकला नाही, दादा. तिथून कुणालाच ऐकू आला नसता, मला तर नाहीच. बाकीचं सगळं मी भरलं. घरी पोचेपर्यंत भरून झालं होतं. संध्याकाळी घोगऱ्याला आणि मास्तरांना सांगितलं तेव्हा मी "ऐकलं" म्हटलं, "स्वतःच्या कानांनी" म्हटलं. तू त्याला "मी येतो, पण पोरांना आत्ताच कळू देऊ नका" असं म्हणालास, हे वाक्यसुद्धा मीच रचलं. ते इतकं तुझ्यासारखं झालं होतं की मलाच खरं वाटू लागलं. पण पूर्ण खरं कधीच वाटलं नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात ते उगाच नाही. हे तुला सांगायलाच हवं. चूक झाली म्हणून सुटता येईल, पण ती नुसती चूक नव्हती.

तू सरावाला आलास तेव्हा घोगऱ्याने तुला दारातच विचारलं, "जातोयस का त्यांच्याकडे?" तू माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं होतं. तू नाही म्हणाला असतास तर मी खोटं बोलले, हे तुला सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं. तू गिटार पेटीत ठेवलीस आणि गेलास.

शुक्रवारी मी माळ्यावर गेले. काका टेपा गुंडाळत होते, तिघं बसले होते, कंपनीचा माणूसही आला होता. मी आधी कागदावरची रेघ टेबलावर ठेवली. मग म्हटलं, आणखी एक आहे, आणि हे सगळं त्यांना सांगितलं. हॉटेल, ओठ, वाक्य, सगळं. कंपनीच्या माणसाला वाटलं, आपण बाहेर जावं. काकांनी त्याला बाहेर नेलं.

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. घोगरा उठला. त्याचा आवाज तुला माहीत आहे, खिडक्या हलतात. पण तो इतक्या हळू बोलला की मला ओठ वाचावे लागले. "दोन वर्षं," तो म्हणाला, "तो दर महिन्याला बस घेऊन स्टँडवर येतो. मी वर केबिनमधून बघतो. त्याच्या गाडीची घोषणा करतो आणि तोंड फिरवतो. दोन वर्षं." मग जिना उतरून गेला.

मला वाटलं, संपलं. रेकॉर्डही आणि बँडही.

चष्मेवाला माझ्यासमोर येऊन बसला, अगदी समोर. म्हणाला, "ताई, आम्हाला वर्षभरापासून माहीत होतं." स्पीकर तो माझ्यासमोर का सरकवायचा, मान का हलवायचा, ते सांगितलं. मी मुद्दाम खाली बघायचे ना, त्याचा हुकूम नको म्हणून, त्यामुळेच ती जागा चुकायची. मी विचारलं, मग तोंडावर का नाही बोललास? तो म्हणाला, "दुकानात लोक येतात, भिंतीवरची अक्षरं आधी पाठ करून वाचतात. त्यांना दिसत नाही हे आपण सांगितलं तर ते दुसऱ्या दुकानात जातात. तुम्ही गेला असता तर आम्ही वाजवायचं कुणाबरोबर?" म्हणजे कुजबुज होत होतीच, दादा. तेवढं मी बरोबर ओळखलं होतं. कशाबद्दल होती, ते मात्र साफ उलटं.

घोगरा दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी आला. माझ्याशी बोलला नाही, अजूनही कामापुरतंच बोलतो. पण आला. माइकसमोर उभा राहिला आणि काकांना म्हणाला, "चला, लावा."

काकांनी एक युक्ती केली. माझं स्टूल एका लाकडी फळीवर ठेवलं आणि फळीखाली बेसचा स्पीकर उताणा बसवला. मी चपला काढल्या. मास्तरांचा बेस तळपायातून थेट पाठीत येत होता. काचेपलीकडून चष्मेवाल्याने मान हलवली की मी यायचे. आता बघत होते त्याच्याकडे, नीट, डोळ्यात तेल घालून. शनिवारी चार गाणी झाली. काकांनी रविवार आपला दिला, आणखी दोन झाली. खाली कारखाना बंद होता म्हणून बरं. काका म्हणाले, "रेडिओवर इतकी वर्षं काढली, पण पायांनी ऐकणारी बाई पहिल्यांदा बघितली." मला हसू आलं. मग रडूही आलं, ते त्यांनी टेपवर घेतलं नाही.

'सातवा मजला' घ्यायचं राहिलं होतं. मी तयार होते. घोगऱ्याने कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं, बोलला नाही: "ते तो असल्याशिवाय नाही." मास्तर म्हणाले, बरोबर. चष्मेवाला म्हणाला, बरोबर, आणि ते म्हणताना त्याचं तोंड जरा पडलं, कारण ती ओळ त्यालाही फार आवडते. कंपनीच्या माणसाने कुरकुर केली की रेकॉर्डची दुसरी बाजू आखूड होते. होऊ दे. सहाच गाणी आहेत. त्यातल्या तीन चाली तुझ्या, आणि कव्हरवर तसं छापलंय. छापून आलं, मी बघितलं. नाव बरोबर आहे, काना-मात्रा तपासला.

डॉक्टर म्हणतात, दोन्ही ठोकाठोकी सोडा, नाहीतर उरलेलंही जाईल. वर्कशॉपमध्ये मी मापं घेण्याच्या टेबलावर बदली मागितली, मिळाली. ड्रम सोडलेले नाहीत. सोडेन असं तुला खोटं लिहिणार नाही. कानात घालायचं यंत्र पुढच्या महिन्यात येईल. त्याने भांड्यांचा आवाज फार होतो म्हणतात, आई आतापासूनच भांडी हळू ठेवायला शिकते आहे.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. परवा त्या हॉटेलवरून जात होते. त्यांचा ड्रमवाला अजून तिथेच आहे, दारात उभा होता. मनात आलं, विचारावं याला: माझा भाऊ त्या दिवशी काय बोलत होता तुझ्याशी? रस्ता ओलांडला. तो ओळखीचं हसला. आणि मी मागे फिरले. विचारलं असतं तर पुन्हा पुरावाच गोळा केला असता, तुझ्या बाजूचा का होईना. तू काय बोललास ते मला नको. तू तसा नव्हतास, हे मला तेव्हाही माहीत होतं.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येते. मावशीला स्टँडवरून घराची वाट विचारून घेतली आहे. रेकॉर्ड वगैरे काही घेऊन येत नाही, नुसतीच येते. माफ कर असं मी इथे लिहिणार नाही. कागदावर लिहिणं सोपं आहे, आणि माझा कागदावर हात चांगला चालतो हे तू बघितलंच आहेस. ते तुझ्यासमोर उभं राहून म्हणायचं आहे.

दाराची कडी वाजवून मी उभी राहीन. आतून "कोण आहे" विचारलंस तर मला ऐकू येणार नाही. "जा" म्हणालास तर तेही येणार नाही. मी उभीच राहीन आणि शेजारी म्हणतील, काय निगरगट्ट बाई आहे. म्हणून एवढंच कर: नको असेन तर आतून बोलू नकोस. दार उघड, माझ्याकडे तोंड कर, आणि सावकाश सांग.

मला कळेल.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी, तुझीच,
धाकटी